लुटलेल्याला वाली कोण?

अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याला २०२५ च्या सप्टेंबरात भामट्यांनी घरबसल्या नागवले. शस्त्र नाही, झटापट नाही. सर्वोच्च न्यायालयाचे म्हणून बनावट हुकूम दाखवले, त्यांवर शिक्का आणि न्यायमूर्तींच्या खोट्या सह्या. अटकेचा धाक घातला. आणि एक कोटीहून अधिक रुपये उकळले. ज्या न्यायासनाकडे नागरिकाने अखेरचा आसरा म्हणून पाहावे, त्याच्याच नावाने ही लूट! दांपत्याच्या पत्राची न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये आपण होऊन दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी ‘डिजिटल अटके’च्या प्रकरणांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला. हे उचितच झाले. परंतु चोर सापडणे आणि चोरलेले धन परत मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चोराला शासन होईल तेव्हा होईल. तोवर लुटलेल्या माणसाने कोणाच्या दारी जावे?

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर दिलेच नाही, असे नव्हे. प्रमोद महाजन माहिती तंत्रज्ञान मंत्री असताना संसदेने संमत केलेला माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. संयुक्त राष्ट्रांनी १९९६ मध्ये सिद्ध केलेल्या नमुना कायद्याच्या धर्तीवर त्याची रचना झाली. कागदाविना झालेल्या व्यवहाराला मान्यता देऊन व्यापाराला विश्वास द्यावा, हा त्याचा मूळ हेतू. व्यापार यंत्रात शिरला की चोरही यंत्रात शिरणार, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते. म्हणून दुसऱ्याच्या संगणकात अनधिकृतपणे शिरून नुकसान करणाऱ्याकडून भरपाई वसूल करण्याची आणि ती ठरविण्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमण्याची तरतूद त्यांनी केली. २००३ मध्ये प्रत्येक राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवाकडे हे काम देण्यात आले. निकाल शक्यतो चार महिन्यांत आणि फार तर सहा महिन्यांत लागावा, असा नियम झाला. पाच कोटी रुपयांपर्यंतचे दावे या अधिकाऱ्यापुढे येतात आणि कलम ६१ अन्वये असे दावे दिवाणी न्यायालयाला चालविता येत नाहीत. नागरिकाला दार एकच ठेवले, बाकीची बंद केली. मग ते एक दार तरी सताड उघडे नको काय?

हे दार उघडले की काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. पुण्यातील एका उद्योगाच्या खात्यातून रक्कम लुबाडली गेली, तेव्हा २०१३ मध्ये येथील अधिकाऱ्याने एका राष्ट्रीयीकृत बँकेला ४५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. पण अशा आदेशावर ज्या न्यायाधिकरणापुढे अपील करावयाचे, त्याची दशा काय होती? सायबर अपील न्यायाधिकरणाचे अध्यक्षपद २०११ च्या मध्यास रिकामे झाले आणि २०१७ मध्ये ते न्यायाधिकरण दुसऱ्यात विलीन होईपर्यंत रिकामेच राहिले. कचेरी होती, पाटी होती. न्याय देणारा मात्र नव्हता. देशाच्या राजधानीतील न्यायपीठ जवळजवळ सहा वर्षे निर्नायकी असावे आणि त्याची कोणाला लाज वाटू नये, याला काय म्हणावे?

याच काळात याच कायद्याचे दुसरे एक कलम मात्र कमालीच्या तत्परतेने चालत होते. २००८ च्या डिसेंबरात संसदेतील गदारोळात, चर्चेवाचून, जी दुरुस्ती संमत झाली तिच्यातून कलम ६६-अ जन्माला आले. २०१२ मध्ये मुंबई बंद का पडावी, असे फेसबुकवर लिहिणाऱ्या एका तरुणीला आणि त्या मजकुराला पसंती देणाऱ्या तिच्या मैत्रिणीला पालघर येथे अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरविले. तरीही त्याखाली गुन्हे नोंदले जात असल्याबद्दल २०२१ मध्ये त्याच न्यायालयाला आश्चर्य व्यक्त करावे लागले. बोलणाऱ्याचे तोंड धरण्यास राज्यसंस्थेला हात होते; लुटलेल्याचे डोळे पुसण्यास नव्हते. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार नव्हे तर काय?

बँकांची जबाबदारी हा याच प्रश्नाचा दुसरा भाग. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला मोठा दिलासा दिला. बाहेरच्या कोणी परस्पर पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याने काहीही सोसू नये, असे त्यात ठरले. पण ‘डिजिटल अटके’त पैसे ग्राहक स्वतःच्याच हाताने पाठवितो, हात त्याचा, धाक भामट्याचा. या हाताला ते परिपत्रक वाचवू शकत नाही. ब्रिटनने ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवणुकीत ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई सक्तीची केली आणि तिचा भार पैसे पाठविणाऱ्या व स्वीकारणाऱ्या बँकांवर निम्मा-निम्मा टाकला.

ग्राहकाच्या गाफीलपणाचे ओझे बँकेने का वाहावे, असे कोणी विचारील. प्रश्न गैर नाही. परंतु लुटीचा पैसा हवेत विरत नाही; तो कोणत्या तरी बँकेतील खात्यातच उतरतो. ते खाते उघडताना माणसाची ओळख पटवून घेणे हे बँकेचे कर्तव्य होते. ज्या खात्यात कधी चार हजार जमले नाहीत, त्यात एका दुपारी चाळीस लाख यावेत आणि सायंकाळपर्यंत ते रिते व्हावे, हे सत्तरीच्या निवृत्त शिक्षकाला दिसणार नाही. बँकेच्या यंत्राला दिसू शकते. ज्याला अनर्थ रोखता येतो, त्यानेच त्याची झळ सोसावी, हा न्याय आहे. खोट्या तक्रारी करणाऱ्यांना अवश्य दंड करावा. पण त्यांच्या भयाने खऱ्यांना वाऱ्यावर सोडू नये.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. सचिवाच्या असंख्य कामांत हे आणखी एक काम न ठेवता प्रत्येक राज्याने पूर्णवेळ न्यायनिर्णय अधिकारी नेमावेत आणि त्यांची बैठक जिल्ह्याच्या ठिकाणी भरवावी. सहा महिन्यांची मुदत पाळली गेली की नाही, याचा हिशेब दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावा. आणि धाकाने वा फसवून पाठवायला लावलेल्या पैशाची जबाबदारी दोन्ही बँकांवर वाटून टाकणारा नियम केंद्राने करावा. ‘सावध राहा’ असा उपदेश सरकार रोज करते. उपदेश चांगलाच आहे. पण घरफोडी झालेल्या माणसाला कुलूप कसे लावावे हे शिकवून राजाचे कर्तव्य संपत नाही. सरकारच्या आग्रहाखातर ज्यांनी आपली आयुष्याची पुंजी या यंत्राच्या स्वाधीन केली, त्यांना न्याय मिळण्याचे ठिकाण दाखविणे हे सरकारवरचे ऋण आहे. ते त्याने आता फेडावे.