नको म्हटलं, तरी फोटो?



सुट्ट्या लागल्या की आमच्या जोयडा तालुक्यात हुबळी, बेळगाव, गोवा, बंगळूरकडच्या गाड्या येऊ लागतात. गणेशगुडीला राफ्टिंग, काळी व्याघ्र प्रकल्पात सफारी आणि वाटेत दिसेल त्याचा फोटो. सुपा धरणाचा काढा, धनेश पक्ष्याचा काढा, कोण नको म्हणतो? पण डोक्यावर सरपणाचा भारा घेतलेली कुणबी म्हातारी तोंडावर पदर ओढते, हातानं नको नको म्हणते, तरी मोबाईल खाली येत नाही. उलट हसून आणखी दोन काढतात. सिद्दी बांधवांना तर 'तुम्ही आफ्रिकेचे का?' हा प्रश्न आधी आणि फोटो लगेच मागून. कित्येक पिढ्या ह्या मातीत राबलेली, कोंकणी-कन्नड बोलणारी ही माणसं. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, आपले ख्रिस्ती भाऊबंदही आहेत. 2003 साली सरकारनं त्यांना अनुसूचित जमातींच्या यादीत घेतलं. पर्यटकाच्या लेखी मात्र ती अजून बघण्याची वस्तू.

आता कोणी म्हणेल, रस्ता सार्वजनिक आहे, कायद्यानं बंदी कुठं आहे? हे बऱ्याच अंशी खरं आहे, आणि दुखणं तिथंच आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 77 (पूर्वीचं 354-क) बाई कपडे बदलताना, स्नान करताना, अशा खासगी प्रसंगी टिपली तरच लागू होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66-ई हे कलमही शरीराच्या गुप्त भागांपुरतं. केरळच्या उच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितलं, की आपल्या घरासमोर उभ्या असलेल्या बाईचा फोटो काढणं ह्या कलमात बसत नाही. तिथं अश्लील हावभावांचा आरोप होता, म्हणून विनयभंगाचं कलम तेवढं राहिलं. डिसेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही पश्चिम बंगालच्या एका खटल्यात तसाच अर्थ लावला. म्हणजे कायदा विचारतो, फोटोत काय दिसतं? ती बाई नको म्हणाली होती का, हे कोणी विचारतच नाही.

तरी 2017 च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि माणूस चारचौघांत आला म्हणून तो हक्क संपत नाही असंही त्यात आहे. हा खटला लढणारे के. एस. पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. निकाल दिल्लीत पडून आहे, आमच्या रानवाटेपर्यंत अजून पोचलेला नाही.

फोटोचं पुढं काय होतं, ते बंगळूरनं दाखवलं. मे 2025 मध्ये मेट्रोतल्या मुलींचे चोरून काढलेले व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकणारा एकजण पकडला गेला. जुलैत चर्च स्ट्रीटवरचं असंच प्रकरण. तिथल्या मुलीनं सांगितलं, की व्हिडिओ पसरल्यावर तिला घाणेरडे निरोप येऊ लागले आणि तक्रार करूनही तो हटला नाही. ती शिकलेली, बंगळूरची, तिला स्वतः इन्स्टाग्रामवर बोलता आलं, म्हणून पोलीस हलले. आमच्या म्हातारीचं रील कुठं फिरतंय आणि त्याखाली लोक काय लिहितायत, हे तिला कळणारच नाही. ती तक्रार कशाची करणार?

शेजारच्या गोव्यानं जानेवारी 2023 मध्ये सूचना काढली, की अनोळखी पर्यटकांचे, विशेषतः समुद्रात पोहणाऱ्या किंवा उन्हात पहुडलेल्यांचे फोटो त्यांच्या परवानगीशिवाय काढू नयेत. चांगलं झालं. पण बघा हं, काळजी पर्यटकाची! गावकऱ्यानं नको म्हटलं तर काय, ह्याचं उत्तर त्यात नाही. जपानात क्योटोच्या गिओन भागातल्या लोकांनी ते शोधलं. पारंपरिक पोशाखातल्या कलावंतिणींमागं पर्यटक कॅमेरे घेऊन धावायचे, म्हणून 2019 मध्ये तिथं खासगी गल्ल्यांत फोटोबंदीच्या पाट्या लागल्या, 10,000 येनचा दंड लिहून. तरी कोणी ऐकेना, तेव्हा 2024 मध्ये त्या गल्ल्यांत शिरायलाच मनाई झाली.

एक फरक मात्र ठेवायला हवा. लाच घेणारा किंवा काठी उगारणारा 'फोटो काढू नको' म्हणतो, त्याचं ऐकायचं कारण नाही. हुद्द्यावरच्या माणसानं आपल्या कामाचा हिशोब द्यायचाच असतो. सरपण आणणारी कोणाला हिशोब देणं लागत नाही. तिनं नको का म्हटलं हे विचारायचाही कोणाला अधिकार नाही. तिकडं रोजगार हमीच्या कामावर 2023 पासून मोबाईल ॲपवर दिवसातून दोनदा फोटोची हजेरी सक्तीची झाली. नाही म्हटलं तर मजुरीवर पाणी. म्हणजे गरिबाच्या 'नको'ला सरकारदरबारीही किंमत बेताचीच.

आणि आपल्या संस्थांचं काय? घोंगडी देताना, तांदूळ देताना, घेणाऱ्याला कॅमेऱ्याकडं तोंड करायला सांगतातच ना? अहवालाला फोटो लागतो म्हणे. हातात मदत धरलेला माणूस नको कसं म्हणेल? उजव्या हाताचं डाव्याला कळू नये हे आपण लहानपणापासून ऐकतो. घेणाऱ्याचा हात आणि पाठ दिसली तरी अहवालाचं भागतं.

आमच्याकडं उपाय कोर्टात जायच्या आधीचाच हवा. इथला पर्यटक बहुतेक कोणाच्या तरी होमस्टेत उतरतो, कोणाच्या तरी जीपमधून फिरतो. दारूचं आणि प्लास्टिकचं जसं बजावतात, तसंच खोलीची चावी देताना मालकानं सांगावं: माणसाला विचारल्याशिवाय फोटो नाही, आणि काढून झाल्यावर 'नको' आलं तर तिथंच, तिच्यासमोर, पुसून टाकायचा. ग्रामपंचायतीनं ठराव करून कन्नड, मराठी, इंग्रजीत पाट्या लावाव्यात. पाहुणा नाराज होईल, पुढच्या वर्षी येणार नाही, अशी भीती काहीजण घालतात. पण येणारे धरण, नदी आणि धनेश बघायला येतात, ते कुठं जात नाहीत.

— एक वाचक, रामनगर, ता. जोयडा