मुलाला बोलतं करायचं तर आधी खात्यांनी एकमेकांशी बोलावं

उर्दू शाळेच्या पहिलीच्या वर्गात अधूनमधून असं एखादं मूल येतं, जे हजेरीला ‘हाजिर’ म्हणत नाही. हाक मारली तर वळून बघत नाही, किंवा बघतं पण शब्द अर्धेच उच्चारतं. घरी विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. ‘याचे अब्बाही उशिराच बोलले होते.’ ‘मुलगे उशिरा बोलतात.’ ‘मोठा झाला की आपोआप सुधारेल.’ दम केलेलं पाणी पाजून झालेलं असतं, तावीजही बांधून झालेला असतो. कान मात्र कुणी तपासलेला नसतो. तोपर्यंत सहा वर्षं गेलेली असतात.

आणि हीच वर्षं सगळ्यात मोलाची. बाळ बोलायला लागण्याआधी कित्येक महिने ऐकत असतं. ऐकलंच नाही तर बोलणार काय? म्हणून जगभरचे तज्ज्ञ एक सोपा हिशोब सांगतात : 1 महिन्याच्या आत कानाची चाचणी, 3 महिन्यांच्या आत निदान आणि 6 महिन्यांच्या आत उपचार सुरू. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार मुलांमधल्या बहिरेपणाची जवळपास 60 टक्के कारणं टाळता येण्यासारखी असतात. कान वाहणं, गोवर, मेंदुज्वर, जन्मावेळची गुंतागुंत ही त्यातली काही. आनुवंशिक कारणंही आहेत, आणि जवळच्या नात्यातल्या लग्नांमुळे ती शक्यता वाढते. आपल्या सोलापुरात मामेबहीण, चुलतबहीण किंवा भाचीशी लग्न करण्याची रीत वेगवेगळ्या समाजांत आहे. दोष कुणाला द्यायचा नाही, पण अशा घरात बाळ जन्मलं तर कानाची चाचणी लगेच करून घ्यावी.

आता प्रश्न असा की सरकारने काहीच केलं नाही का? तसं नाही. ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच महाराष्ट्रातून, पालघरहून सुरू झाला. त्यानुसार डॉक्टरांचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा मुलांना तपासतं. ऐकू कमी येणं, फाटलेला टाळू, उशिरा बोलणं या गोष्टी त्यांच्या यादीत आहेत. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे आणि तिथे वाचा-श्रवण तज्ज्ञाचं पद ठेवलेलं आहे. शिक्षण खात्याकडे समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक आहेत. राज्यात 2022 च्या डिसेंबरमध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही झाला.

मग अडतं कुठे? एका खात्याचं काम जिथे संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं, नेमकं त्या जागी. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची. तपासणीचं पथक आरोग्य खात्याचं. विशेष शिक्षक शिक्षण खात्याचा. मूकबधिर मुलांच्या शाळा दिव्यांग विभागाकडे. पथकाने चिठ्ठी दिली, पण ते मूल दवाखान्यात पोहोचलं का, हे वर्गशिक्षकाला कळत नाही. दवाखान्याने सांगितलेला सराव शाळेपर्यंत येत नाही. सगळ्यांना जोडणारा धागा म्हणजे एकटी आई, आणि ती विडी वळून किंवा शिलाई करून रोजचा खर्च भागवणारी. थेरपीला आठवड्यातून एकदा यायचं म्हणजे तिची एका दिवसाची मजुरी जाते, वर रिक्षाचं भाडं. तीन-चार खेपा होतात आणि मग ती थांबते. कागदावर त्या मुलाची नोंद ‘आलं नाही’ एवढीच राहते.

काही मुलं तर या जाळ्यात येतच नाहीत. हा कार्यक्रम सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी आहे. आपली कितीतरी मुलं विनाअनुदानित इंग्रजी शाळांत आहेत, काही फक्त मदरशात शिकतात. पथकाची गाडी त्यांच्या दारात येत नाही. दुसरी अडचण प्रमाणपत्राची. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत आणि वाचा-भाषेची दिव्यांगता त्यातला एक आहे. पण तिची व्याख्या कायमस्वरूपी आणि शारीरिक किंवा मेंदूशी संबंधित कारणांपुरती आहे. जे मूल नुसतं उशिरा बोलतंय, अडखळतंय, ते त्यात बसत नाही. मग ज्या मदतीला प्रमाणपत्र लागतं, ती त्याला मिळत नाही.

उशिराची किंमत किती, याचं एक उदाहरण. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट देण्याची केंद्र सरकारची ॲडिप योजना आहे. लाखो रुपयांची ही शस्त्रक्रिया गरीब कुटुंबाला त्यातून मिळू शकते. पण अशा मुलांसाठी वयाची मर्यादा 5 वर्षांची आहे. म्हणजे जे मूल सहाव्या वर्षी पहिलीत आल्यावर लक्षात येतं, त्याच्यासाठी तो दरवाजा बंद झालेला असतो. या योजनेचं काम बघणारी संस्था मुंबईत वांद्र्याला आहे, 1983 साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय वाक् श्रवण संस्था. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या नवाब अली यावर जंग यांचं नाव तिला दिलेलं आहे. आपल्या माणसाच्या नावाची संस्था, आणि आपल्याच मोहल्ल्यांत ती फारशी कुणाला माहीत नाही.

आणखी एक मुद्दा भाषेचा. सोलापुरात घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी, शेजारी कन्नड नाहीतर तेलुगू. मूल बोलत नसलं की कुणीतरी सल्ला देतं, ‘घरात एकच भाषा बोला, मराठी नाहीतर इंग्रजी.’ हे बरोबर नाही. दोन-तीन भाषा कानावर पडल्यामुळे मूल मुकं होत नाही किंवा मागे पडत नाही, हे अभ्यासांतून स्पष्ट झालेलं आहे. उलट आईने तिला नीट न येणाऱ्या भाषेत बोलायचं ठरवलं, तर घरातलं बोलणंच कमी होतं. तपासणी मात्र मुलाच्या घरच्या भाषेत व्हायला हवी. दखनी बोलणाऱ्या मुलाला मराठी चित्रतक्त्यावर तपासून ‘शब्द येत नाहीत’ म्हणणं हा मुलावर अन्याय आहे. थेरपिस्टला दखनी येत नसेल तर शेजारी उर्दू शाळेची शिक्षिका बसू शकते. खात्यांनी मिळून काम करणं म्हणजे हेच.

हा घोळ फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. इंग्लंडमध्ये 2008 साली खासदार जॉन बर्को यांच्या अहवालाने दाखवलं की मुलांच्या वाचा-भाषा सेवांमध्ये आरोग्य आणि शिक्षण ही दोन खाती एकमेकांकडे बोट दाखवतात. 2014 च्या कायद्याने विशेष गरजा असलेल्या मुलांच्या सेवा दोघांनी मिळून आखायचं बंधन आलं. तरी 2018 च्या फेरआढाव्यात बऱ्याच मुलांना वेळेवर मदत मिळत नसल्याचंच आढळलं. म्हणजे कायदा पुरत नाही, शेवटी कुणीतरी एक माणूस जबाबदार असावा लागतो.

सोलापुरात काय करता येईल? महापालिकेने एका उर्दू शाळेत आठवड्याचा एक दिवस थेरपीसाठी ठरवावा, म्हणजे आईची खेप आणि मजुरी वाचेल. आशाताई, अंगणवाडी, शाळा आणि दवाखाना यांच्यात मुलाची एकच फाईल असावी आणि तिच्यावर पाठपुरावा करणाऱ्याचं नाव असावं. विनाअनुदानित शाळा आणि मदरशांनी आरोग्य खात्याला पत्र देऊन तपासणी मागावी. मशिदीच्या कमिटीने जुम्म्याच्या दिवशी तपासणीची तारीख सांगावी. मुस्तहिक घरांना यायचं भाडं आणि श्रवणयंत्राचे सेल जकातीतून देता येतील. पण जकात म्हणजे सरकारी हक्काला पर्याय नाही. हक्क मागायचा तो मागायचाच.

पालकांनी एवढं लक्षात ठेवावं. मोठ्या आवाजाला बाळ दचकत नाही, 6 महिन्यांचं होऊनही आवाजाकडे वळत नाही, दीड वर्षाचं झालं तरी एकही शब्द नाही, 2 वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नाही, तर वाट बघू नका. सिव्हिल हॉस्पिटलच्या कान-नाक-घसा विभागात दाखवा, ओएई किंवा बेरा चाचणीबद्दल विचारा. खाजगी थेरपिस्टकडे जाणार असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते बघा. चिठ्ठी आणि रिपोर्ट जपून ठेवा आणि त्याची प्रत वर्गशिक्षकाला द्या. दुआ करा, दवाही करा.

हजरत मूसा अलैहिस्सलाम यांनी जिभेची गाठ सुटण्याची दुआ केली, तेव्हा सोबत भाऊ हारून यांनाही मागून घेतलं होतं. बोलण्याची अडचण असलेल्याला सोबतीची गरज असते, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. आपल्या मोहल्ल्यातल्या मुलांना ती सोबत शाळा, दवाखाना, महापालिका आणि आपण सगळ्यांनी मिळूनच द्यायची आहे.