छावणीचे ऋण

३ नोव्हेंबर उजाडला की बडगामचे स्मरण होते. १९४७ साली याच दिवशी मेजर सोमनाथ शर्मा यांनी, हात प्लास्टरमध्ये असतानाही, श्रीनगरच्या विमानतळावर चालून येणाऱ्या टोळीवाल्यांस थोपवून धरले व रणांगणी देह ठेवला. स्वतंत्र भारताचे पहिले परमवीरचक्र त्यांचे. ते ज्या चौथ्या कुमाऊं पलटणीत लढले, तिचे मूळ हिमालयात नसून आमच्या वऱ्हाडात आहे, हे आज किती जणांस ठाऊक असेल?

एलिचपूरचा नवाब सलाबतखान याच्या १७८८ मधील फौजेपर्यंत या पलटणीची वंशावळ पोचते. पुढे ही फौज हैदराबाद कंटिंजंटमध्ये सामील झाली. हिंगोली ही त्याच कंटिंजंटची १९०३ पर्यंतची छावणी. फौज नावाची निजामाची, हुकूम इंग्रजांचा आणि भार रयतेचा! १८५३ च्या तहाने या फौजेच्या खर्चापायीच वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्याआधी १८१९ मध्ये निजामाच्या याच फौजेने नोव्ह्याच्या गढीत नोवसाजी नाईकाच्या हटकरांचा संहार केला आणि ‘नोव्हा’ हा रणसन्मान म्हणून मिरवला.

१९०३ मध्ये कंटिंजंट इंग्रजांच्या हिंदी लष्करात विलीन झाले. आमची पलटण ९८ वी म्हणून १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेत टांग्याच्या फसलेल्या स्वारीत लढली. १९२२ मध्ये ती १९ व्या हैदराबाद रेजिमेंटची चौथी पलटण झाली. जानेवारी १९४२ मध्ये मलायात स्लिम नदीकाठी जपानी रणगाड्यांनी तिची फळी फोडली. फेब्रुवारीत सिंगापूर पडले व उरलेले जवान कैदेत गेले. १९४५ मध्ये रेजिमेंटचे नाव कुमाऊं झाले. दोनच वर्षांनी बडगाम!

शिपाई बहुतांशी उत्तरेकडले. मग यात आमचे काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, ज्या शेतकऱ्याच्या साऱ्यावर ही फौज पोसली गेली, त्याच्या नातवंडांना तिचा हिशेब मागण्याचा हक्क आहे. तो हिशेब अर्धा नसावा. टांगा व स्लिम येथे शिपायाने परक्याच्या साम्राज्यासाठी रक्त सांडले; नोव्ह्यास ते आपल्याच माणसांवर उठले; बडगामला प्रथमच ते स्वदेशाच्या कामी आले. शौर्य तेच, धनी बदलला. स्वातंत्र्याने काय दिले, याचा याहून स्पष्ट दाखला आम्हांस ठाऊक नाही.

म्हणून हिंगोलीच्या शाळांतून बडगामबरोबर नोव्हाही सांगितला जावा. नोवसाजीचे हटकर आणि सोमनाथ शर्मा, दोघांपुढेही मस्तक लववता येईल, तेव्हाच या छावणीचे ऋण फिटेल.