इशारा कोणाच्या भाषेत?

औषधाचे दुष्परिणाम सांगितले तर रोगी घाबरतो आणि औषध सोडून देतो, असा युक्तिवाद औषध कंपन्यांचे कैवारी नेहमी करतात. कित्येक सज्जन डॉक्टरही तो प्रामाणिकपणे उच्चारतात. तो किती पोकळ आहे, हे क्लोरॅम्फेनिकॉल या एका प्रतिजैविकाच्या इतिहासावरून दिसेल.

१९४९ साली पार्क-डेव्हिस या अमेरिकन कंपनीने ते 'क्लोरोमायसेटिन' या नावाने बाजारात आणले. विषमज्वरावर ते खरोखरच गुणकारी ठरले. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु हजारो रोग्यांमागे एखाद्याच्या अस्थिमज्जेतील रक्तनिर्मितीच ते बंद पाडते, आणि औषध थांबवल्यावर कित्येक आठवड्यांनीही हा घाला पडू शकतो. १९५२ साली अमेरिकेत त्यासोबत इशारा छापणे भाग पडले. पुढे मिल्टन सिल्व्हरमन यांनी लॅटिन अमेरिकेतील औषधांची माहिती तपासून १९७६ साली प्रसिद्ध केली. तेथे हेच औषध किरकोळ दुखण्यांवरही सुचवले जात होते आणि गंभीर इशारे अनेक ठिकाणी गाळले होते. म्हणजे रोगी घाबरेल ही चिंता फक्त गरीब देशांतील रोग्यांपुरती! अमेरिकन रोगी घाबरला तरी चालत होते. त्याच्या पाठीशी न्यायालय उभे होते.

आणि सांगणे हाच पुष्कळदा उपाय असतो. स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन या क्षयरोगावरील इंजेक्शनांनी येणारे बहिरेपण बहुधा कायमचे असते. 'कानांत आवाज येऊ लागताच कळवा' एवढे एक वाक्य वेळीच कानावर पडले, तर काहींचे कान वाचू शकतात.

आपल्याकडे केंद्र शासनाने २०१० साली औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याचा कार्यक्रम सुरू केला. दुष्परिणाम कळवण्याचा अर्ज रोग्याला मराठीतही मिळतो. खोक्यातील माहितीपत्रक मात्र बहुधा इंग्रजीत, भिंगावाचून न दिसणाऱ्या अक्षरांत. आणि पट्टी कातरून चार गोळ्या नेणाऱ्या मजुराच्या हाती तेही पडत नाही. नुकसान झाल्यावर त्याची भाषा चालते, नुकसान टाळण्यासाठी चालत नाही!

तेव्हा मागणी साधी आहे. प्रत्येक प्रतिजैविकाबरोबर, सुट्या गोळ्यांबरोबरही, ठळक अक्षरांतील मराठी चिठ्ठी मिळालीच पाहिजे: अंगावर पुरळ, धाप, कानांत आवाज, रक्ताचे जुलाब यांपैकी काही झाले तर पुढची मात्रा घेण्यापूर्वी डॉक्टरांना गाठा. जिल्ह्याजिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी ही मागणी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयांत नेऊन लेखी उत्तर मागावे.