काळ्या मातीला कापडाचं अस्तर

मे महिन्यात खान्देशातल्या कुठल्याही कोरडवाहू शेतात जा, भेगांमध्ये मनगटापर्यंत हात जातो. जुलैत हीच माती फुगते, पायाला किलोकिलोने चिकटते. आता अशा मातीवर अख्ख्या शहराचा कचरा टाकला तर?

जळगावकरांना आव्हाणे शिवार आणि धुळेकरांना वरखेडीचा डेपो वेगळा सांगायला नको. पण डेपो आणि लँडफिल यांत फरक आहे. 2016 च्या घनकचरा नियमांनी लँडफिलच्या तळाशी 90 सेंटिमीटर चिकणमाती आणि त्यावर दीड मिलिमीटरची एचडीपीई शीट ठरवून दिली होती. शेततळ्यातला 500 मायक्रॉनचा कागद तुम्ही पाहिला असेल. ही त्याच्या तिप्पट जाड. कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी, म्हणजे लिचेट, विहिरी-बोअरपर्यंत पोहोचू नये म्हणून हा सगळा खटाटोप.

तुम्ही म्हणाल, चिकणमाती तर आपल्याकडे हवी तेवढी! खरंय, पण ती पाणी अडवते ओली असेपर्यंतच. वाळली की तडकते, भिजली की मऊ पडते, उतारावर भार आला की सरकते. इथे कामाला येतं जिओटेक्स्टाइल, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनसारख्या धाग्यांचं जाड कापड.

एक गैरसमज आधीच काढून टाका. हे कापड पाणी अडवत नाही. पाणी जाऊ देतं, मातीचे कण मागे ठेवतं. त्यामुळे लिचेट वाहून नेणारा खडीचा थर चिखलाने बुजत नाही. जाड, न विणलेलं कापड शीटवर अंथरलं की खडीची टोकं तिला भोकं पाडत नाहीत. विणलेला मजबूत प्रकार मातीत ताण पेलतो, जसा काँक्रीटमध्ये सळया पेलतात. दोन कापडांमध्ये बेंटोनाइट भरलेली गादीही मिळते. गंमत म्हणजे बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज, माँटमोरिलोनाइट, आपल्या काळ्या मातीच्याच कुळातलं!

कापडाचा शत्रू ऊन. उघडं पडलं तर ते हळूहळू कमकुवत होतं, म्हणून अंथरल्यावर लवकर झाकावं लागतं. जळगावच्या उन्हात तर ठेकेदाराला टाळाटाळ परवडणारच नाही.

कापडाने सगळं सुटतं असंही नाही. 2017 मध्ये दिल्लीच्या गाझीपूरला कचऱ्याचा डोंगर कोसळून दोघांचा जीव गेला. उंची, उतार आणि आत मुरलेलं पाणी सांभाळावंच लागतं. ओला कचरा घरातच वेगळा झाला तर लिचेटही कमी होतं.

माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे. जुन्या ढिगाखाली नंतर शीट सरकवता येत नाही. वरून झाकता येतं, किंवा बायोमायनिंग करून ढीग उपसता येतो. जागा मोकळी झाली की तळ नीट बांधायची संधी तेव्हाच मिळते. नाहीतर त्याच उघड्या मातीवर पुन्हा नवा ढीग. त्यामुळे महापालिकेचं पुढचं टेंडर निघालं की रकमेआधी दोन शब्द शोधा, लाइनर आणि लिचेट. सापडले नाहीत तर तुमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाला फोन करून का नाहीत ते विचारा.