शोधण्याची मजुरी

नवा फ्युएल पंप बसवायचा म्हटलं की गिऱ्हाईक निमूट पैसे मोजतं. पण तो पंप खरंच गेलाय का, हे शोधायला मेकॅनिकने दोन तास घालवले तर त्या दोन तासांची मजुरी देताना कुरकुर करतं. आमच्या भिलाईत जुन्या गाड्यांचे पार्ट विनाकारण बदलले जातात, त्याचा दोष मी मेकॅनिकला कमी आणि आपल्याला जास्त देतो.

२००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि मारुती ८०० मध्ये कार्ब्युरेटरच्या जागी एमपीएफआय आलं. त्या गाड्या आता पंचविशीच्या झाल्या. कायद्याच्या लेखी त्या ‘व्हिंटेज’ नाहीत, त्याला पन्नास वर्षं लागतात. तेव्हा नोंदणीच्या नूतनीकरणासाठी दर पाच वर्षांनी दुर्गच्या आरटीओची पायरी चढायची.

माझी गाडी त्यातलीच. सकाळी एका सेल्फला सुरू व्हायची आणि मे महिन्याच्या उन्हात तापली की सुपेल्याच्या गर्दीत बंद पडायची. थंड झाली की पुन्हा चालू. एका गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच निकाल दिला, “साहब, पंप गया.” पंप बदलला, दुखणं तसंच. मग म्हणे ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, बदलू.

माझी सगळी नोकरी स्टील प्लांटच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये गेली. क्रेन अडली तर आधी मीटर, मग स्टोअरची चिठ्ठी, ही तिथली शिस्त. गाडी बंद पडलेली असतानाच पंपाच्या कनेक्टरला मीटर लावला. चावी फिरवली की पंप दोन-तीन सेकंदच फिरतो, तेवढ्यात आकडा बघायचा. पंप जोडलेला नसताना बॅटरीइतका व्होल्टेज, फिरायला लागला की नऊच्या आसपास! नुसता बझर लावून तार तपासणाऱ्यांना हे कधीच सापडत नाही. तारेचा एक धागा शाबूत असला तरी बझर वाजतो. पण चार-पाच अँपिअर ओढणाऱ्या पंपाच्या वाटेत अर्ध्या ओहमचा अडथळा आला, तरी दोन-अडीच व्होल्ट तिथेच जिरतात. मागे मागे जात रिलेच्या सॉकेटपर्यंत पोचलो. एक पिन सैल होऊन काळी पडली होती. पिन किरकोळ किमतीची.

स्कॅनरवरही आंधळा विश्वास नको. तो ‘टेंपरेचर सेन्सर’ म्हणतो, त्याचा अर्थ एवढाच की त्या सर्किटचा सिग्नल मर्यादेबाहेर गेलाय. सेन्सर ठीक असेल आणि वायर उंदराने कुरतडलेली असेल.

काही झालेलं नाही असं सांगणाऱ्या डॉक्टरलाही आपण फी देतो. गॅरेजच्या दरपत्रकातही ‘तपासणी’ ही वेगळी ओळ हवी, पार्ट बदलो न बदलो. माझ्या ओळखीचा एक पोरगा मीटर झकास चालवतो. त्याने तपासणीचे तीनशे घ्यायला सुरुवात केली, तर गिऱ्हाईकं शेजारी जाऊ लागली. तिथे तपासणी फुकट आहे, फक्त पंपाचे पैसे पडतात.