आधी मोजा, मग उडा

गेल्या शनिवारी सकाळी सकाळी एका मित्राचा फोन आला. (आमच्याच टीममधला आहे. नाव सांगत नाही, सोमवारी त्याच्याच शेजारी बसायचंय.) "अरे, मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ घेतोय. त्यासाठी मशीन असेंबल करायचंय. दुकानदाराने कोटेशन दिलंय, जरा बघ ना."

बघितलं. आकडा तीन लाखांच्या वर, दोन वर्षांचा ईएमआय. दुकानातलं सगळ्यात महागडं ग्राफिक्स कार्ड, ६४ जीबी रॅम, मासे सोडता येतील असं काचेचं कॅबिनेट आणि लग्नाच्या मांडवासारखे लुकलुकणारे पंखे. यादीत जॉयस्टिक मात्र कुठेच नाही. विचारलं तर म्हणे, "ती नंतर बघू, बजेट संपलं." म्हणजे हा पठ्ठ्या तीन लाखांचं विमान कीबोर्डवरून उडवणार!

मंडळी, मी हसलो नाही. कारण २०२३ च्या दिवाळीत मी स्वतः हेच केलंय. बोनस आला आणि अख्खाच्या अख्खा एका ग्राफिक्स कार्डात घातला. सिम्युलेटर तेव्हा २०२० चा होता. जुन्या कार्डावर मुंबईला उतरताना ३२-३३ एफपीएस मिळायचे. नवं कार्ड लावलं, देवाचं नाव घेतलं, उडालो. ३४ एफपीएस! बाबा मागे उभे होते. "आधीपेक्षा काय वेगळं दिसतंय रे?" काय सांगणार? नवे पंखे छान फिरत होते.

मग रात्री जे करायला हवं ते सुचलं. या सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड आहे. तो चालू केला की एफपीएसची एक छोटी चौकट दाखवता येते, आणि तुमचं घोडं नेमकं कुठे अडलंय ते ती सरळ सांगते. माझ्या चौकटीत लिहिलं होतं, 'लिमिटेड बाय मेनथ्रेड'. मेन थ्रेडला एका फ्रेमला २९ मिलिसेकंद लागत होते, ग्राफिक्स कार्डला १२. हट्टाने जुनं कार्ड परत लावून बघितलं, तर ते २४ मध्ये काम उरकत होतं. म्हणजे जुनं कार्डही रिकामं बसून प्रोसेसरची वाटच बघत होतं. मी बोनस घालून ती वाट बघायची वेळ वाढवली, बास!

असं का होतं? प्रत्येक फ्रेमला सिम्युलेटरला विमानावरचे बल, हवामान, आजूबाजूची विमानं, कॉकपिटमधले पडदे असा सगळा हिशेब करावा लागतो, आणि त्यातला बराचसा भाग एकाच थ्रेडवर, एकामागून एक चालतो. तो झाल्याशिवाय फ्रेम पुरी होत नाही. प्रोसेसरला सोळा कोअर असले तरी एक राबतो आणि बाकीचे बरेचसे सरकारी कचेरीतल्यासारखे बसून असतात. ॲमडाल्हचा नियम इंजिनिअरिंगला आपण सगळ्यांनी मार्कांसाठी पाठ केलाय. १९६७ सालचा आहे तो. जो भाग समांतर चालत नाही, तोच शेवटी तुमचा वेग ठरवतो. पेपरात लिहिला आणि खिशातून पैसे काढताना विसरलो.

माझा खरा राग इथे आहे. ऑफिसात ज्युनिअरने "ही क्वेरी स्लो वाटते म्हणून बदलली" असं म्हटलं की आपण त्याला सोलून काढतो. प्रोफाइलर चालवलास का? आकडे कुठेत? आणि शनिवारी तेच आपण लॅमिंग्टन रोडवर जाऊन, काहीही न मोजता, पगाराच्या तीनपट खर्च करून येतो. 'घ्यायचंच तर टॉपचं घ्या' हे दुकानदाराने म्हणावं, त्याचा धंदाच तो आहे. इंजिनिअरने म्हणू नये.

लोक म्हणतात, "अरे, कंपनीनेच तक्ता दिलाय." दिलाय ना. २०२४ च्या तक्त्यात तीन रकाने आहेत. किमान १६ जीबी रॅम, शिफारस ३२, आदर्श ६४. कार्डाचंही तसंच. शिफारशीत आरटीएक्स २०८०, आदर्शमध्ये ४०८०. आपली मंडळी थेट तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवतात आणि त्यालाच 'लागतं' म्हणतात. तिसरा रकाना ही गरज नाही, हौस आहे. हौसेला माझा विरोध नाही, पण तिला गरज म्हणून ईएमआय काढू नका.

दुसरा लाडका शब्द म्हणजे 'फ्युचर प्रूफ'. याचं उत्तर याच सिम्युलेटरच्या इतिहासात आहे. एफएसएक्स २००६ साली आला. प्रोसेसरच्या एकेका कोअरचा वेग पूर्वीसारखाच वाढत जाईल, या हिशेबाने तो बनला होता. पण इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत २००४ मध्येच गुंडाळला होता, आणि २००६ च्या जुलैत कोअर २ ड्युओ आला. सगळं जग जास्त कोअरच्या वाटेला लागलं. एफएसएक्सला अनेक कोअर नीट वापरता यावेत म्हणून २००७ मध्ये सर्व्हिस पॅक काढावा लागला, आणि तरीही तो पुढे कित्येक वर्षं चांगल्या चांगल्या मशीनना रडवत राहिला. सिम्युलेटर बनवणाऱ्यांनाच भविष्य दिसलं नाही, तर ते आपल्या दुकानदाराला कुठून दिसणार?

उलट उदाहरणही बघा. एप्रिल २०२२ मध्ये एएमडीने रायझन ७ ५८००एक्सथ्रीडी काढला. आधीच्या ५८००एक्सइतकेच आठ कोअर, क्लॉक तर थोडा कमीच. पण एल३ कॅशे ३२ एमबीवरून ९६ एमबी. कागदावर हळू दिसणारा हा प्रोसेसर फ्लाइट सिम्युलेटरमध्ये आपल्या भावंडाच्या पुढे निघून गेला, कारण सिम्युलेटरला लागणारा डेटा सारखा रॅममधून आणावा लागेना. नुसते गिगाहर्ट्झ बघून घेणाऱ्याला हे कधी कळलं असतं?

आणि १९ नोव्हेंबर २०२४ आठवतोय? २०२४ ची आवृत्ती त्या दिवशी आली. तिची बरीचशी सामग्री नेटवरून येते. सर्व्हरवर इतका ताण आला की जगभरातले लोक लोडिंगच्या पट्टीकडे बघत बसले. तेव्हा चार लाखांचं मशीन आणि चाळीस हजारांचं मशीन, दोन्ही सारख्याच वेगाने जमिनीवर उभी होती.

आता कोणी म्हणेल की मी कार्डाच्या विरोधात आहे. अजिबात नाही. फोर-केचा पडदा असेल, व्हीआर हेडसेट असेल, तर कार्डच आधी दमतं आणि तिथे पैसे घालणं योग्यच. कार्डाची मेमरी कमी पडली तरी चित्र अडखळतं. माझं म्हणणं एवढंच की ते दमलंय हे आधी बघा.

म्हणून आधी सिम्युलेटर घ्या, मशीन नंतर. आहे त्या पीसीवर मोठं विमान घेऊन, ढगाळ संध्याकाळी, मुंबईच्या २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरा आणि ती चौकट बघा. मेन थ्रेड अडलाय? टेरेनच्या डिटेलचा स्लायडर आणि ट्रॅफिक खाली ओढा, फुकट आहे. कार्ड अडलंय? रिझोल्यूशन आणि ढग कमी करा, तेही फुकट. एवढं करून पुरलं नाही तर जो भाग अडलाय तेवढाच घ्या. आणि हो, स्थिर ३० एफपीएस विमानाला पुरतात, ही काही गोळीबाराची गेम नाही. पहिली खरेदी जॉयस्टिकची करा. कीबोर्डवर विमानाचं नाक एकतर वर जातं नाहीतर खाली. बोटभर दाब देऊन ते अलगद धरून ठेवणं, हेच तर उडवणं!

हे सगळं फोनवर ऐकवल्यावर मित्र म्हणाला, "तू फार बोअर आहेस." पण रविवारी आला, त्याचं पाच वर्षांचं मशीन गाडीत घालून. माझी पैज होती की मेन थ्रेडच निघणार. चौकट उघडली तर 'लिमिटेड बाय जीपीयू'! पैज हरलो, मिसळ मी खिलवली. पण प्रोसेसर, रॅम, मदरबोर्ड, कॅबिनेट यातलं काहीच बदलायची गरज नव्हती. एक मधल्या किमतीचं कार्ड आणि जॉयस्टिक मिळून आकडा कोटेशनच्या चौथ्या भागाच्याही आत आला. ईएमआय रद्द.

अंदाज माझाही चुकला आणि दुकानदाराचाही. चौकटीचा नाही चुकला. असो. सोमवारी कोणी न मोजता कोड बदलला की याच मित्राकडे पाठवणार आहे.